टाचणीची दोन भोकं

१

मोनाली रामटेके रात्री खोलीवर आलीच नाही, हे सांगायला वच्छलाबाई शनिवारी सकाळी शाळेत आल्या तेव्हा मैदानावर प्रार्थना चालू होती. वच्छलाबाई मोनालीच्या घरमालकीण. त्या प्रार्थना संपायची वाट बघत कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या आणि मुलं वर्गाकडे वळल्याबरोबर सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

मुख्याध्यापक ईश्वरदास बिसेन यांनी ऐकून घेतलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलाच्या कडेला विज्ञानाच्या कपाटाची किल्ली होती, वाचनालयाची चार पुस्तकं होती, सातवीचं हजेरीपत्रक, एक भिंग, दोन परीक्षानळ्या आणि खडूची अर्धी पेटी. मॅडमनी काल चार वाजता राजीनामा दिला, असं ते म्हणाले. हे सगळंही आणून ठेवलं. गावाला गेल्या असतील.

वच्छलाबाईंना ते पटेना. गावाला जाणारी मुलगी सांगून जाईल. गंजभर पाण्यात भिजवलेल्या वाटाण्यांना सकाळी मोड दिसत होते. जायचं असतं तर तिनं ते भिजवले असते का?

दहाच्या सुमारास एक गुराखी शाळेवरून गेला. त्यानं सांगितलं की काल दिवस बुडेपर्यंत एक बाई चोरखमाऱ्याच्या जलाशयाच्या पाळीवर, बांधावर, एकटीच पाण्याकडे तोंड करून बसली होती. तो ढोरं घेऊन परतला तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

मग पोलीस चौकीला फोन गेला.

२००९ सालचा फेब्रुवारी होता. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती आणि जलाशयाचा कालवा काठोकाठ वाहत होता. चौकीवरचे हवालदार केवळराम उके मोटरसायकलनं आले ते आधी त्या पाण्याकडेच बघत. गेल्या वर्षी एका हरवलेल्या माणसाचा कागद त्यांनी दोन दिवस नुसता ठेवून दिला होता. तो माणूस तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडला. तेव्हापासून हरवल्याची खबर आली की ते कागद हातातून खाली ठेवत नसत.

त्यांनी राजीनामा मागितला. मोनालीच्या गोल, स्वच्छ अक्षरात चार ओळी होत्या. ‘आपल्या आदेशाप्रमाणे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. माझ्याकडील शाळेच्या वस्तू परत करीत आहे.’ खाली सही. सोबत डिंकानं चिकटवलेली हाताएवढी एक चिठ्ठी.

“आदेश कोणाचा?” केवळरामांनी विचारलं.

“संस्थेच्या गोंदियाच्या कार्यालयाचा,” बिसेन म्हणाले. “चिठ्ठीवर आहे. वाचा ना.”

केवळरामांनी चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला. निळ्या शाईत इंग्रजीची एकच ओळ होती आणि त्यांना त्यातला फक्त शुक्रवार कळला.

२

दहावीला केवळराम इंग्रजीत दोनदा नापास झाले होते आणि तिसऱ्यांदा पस्तीस मार्कांवर सुटले होते. त्याची लाज त्यांनी केव्हाच सोडली होती. त्यांनी खोलीत असलेल्या तिघांना एकेक करून तोच प्रश्न विचारायचं ठरवलं: इथे काय लिहिलं आहे?

बिसेन सरांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. “प्लीज रिझाइन ॲण्ड रिटर्न बाय फ्रायडे. म्हणजे शुक्रवारपर्यंत राजीनामा द्यावा आणि परत करावं.” कारण काय, ते कार्यालयाला माहीत, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही फोन करून विचारलं नाही का, यावर ते म्हणाले की वरून आलं म्हणजे आलं. राजीनामा हातात पडल्यावर त्यांनी दहा मिनिटांत ‘स्वीकृत’ लिहून सही केली होती. आणखी विचारल्यावर एवढंच निघालं की जानेवारीत खिचडीच्या तांदळात सोंडे किडे निघाले होते आणि मोनालीनं ते पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ते बोलताना बिसेन सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दुसरे प्रफुल कावळे. इंग्रजीचे शिक्षक, तिशीचे, एम. ए. झालेले. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. मोनालीनं बुधवारी दुपारी ही चिठ्ठी आधी त्यांनाच दाखवली होती. रिझाइन म्हणजे राजीनामा, हे तिलाही माहीत होतं. पण आपण चुकत असू, दुसराही काही अर्थ असेल, या आशेनं ती आली होती. त्यांनी तिला शब्दकोश उघडून दाखवला. राजीनामा देणे, पद सोडणे. दुसरा अर्थ नाही, असंही सांगितलं. त्या दोघांचं महिन्याभरापूर्वी वेळापत्रकावरून जोरात भांडण झालं होतं, हे बिसेन सरांनी आधीच केवळरामांच्या कानावर घातलं होतं. प्रफुलनी ते नाकारलं नाही.

तिसरे लिपिक भैयाजी पटले. बावीस वर्षं याच शाळेच्या टेबलाशी बसलेला, मऊ बोलणारा माणूस. केवळरामांनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. भैयाजींनी तिच्याकडे न बघता दोन्ही हात जोडले.

“मले इंग्रजी कुठं येते, साहेब. मी आपला सातबाऱ्याच्या मराठीतला माणूस.”

“पाकीट कोणी उघडलं?”

बुधवारी संस्थेचा शिपाई पाकीट देऊन गेला तेव्हा बिसेन सर तिरोड्याला बैठकीला होते. कार्यालयात भैयाजी आणि प्रफुल दोघंही बसले होते. पाकीट उघडलं भैयाजींनी, पण तेवढ्यात चहा आला, प्रफुल सर कागद चाळत होते, अशी त्यांना अंधूक आठवण होती. चिठ्ठी मॅडमच्या नावाची दिसली म्हणून मॅडमला दिली.

केवळरामांनी कार्यालयाला फोन लावला. वाजत राहिला. शनिवारी कार्यालय बारालाच बंद व्हायचं आणि आता सोमवारीच उघडणार होतं.

चिठ्ठी राजीनाम्यापासून सोडवून वहीत ठेवताना ती उजेडात आली आणि त्यांना दोन बारीक भोकं दिसली. टाचणीची. भोकांभोवती तांबूस गंजाची वर्तुळं होती. त्यांनी राजीनाम्याचा कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. त्याला टाचणी कधी लागलेलीच नव्हती.

मग ही चिठ्ठी कशाला टाचलेली होती?

३

दुपारी धुरपताबाई दवनीवाड्याहून आल्या. मोनालीची आई, पन्नाशीची, हातांना रोवणीचा चिखल लागलेला होता. त्या दुसऱ्याच्या बांधावरून उठून तशाच एसटीत बसल्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी मजुरी करून एकुलत्या लेकीला बी. एस्सी., बी. एड. केलं होतं. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली की मोनाली कायम होणार होती. ती तीन वर्षं पुढच्या महिन्यात पुरी होत होती.

केवळराम त्यांना घेऊन वच्छलाबाईंकडच्या खोलीवर गेले. दोरीवर कपडे होते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली विझलेली मेणबत्ती. पेटी उघडी होती. धुरपताबाईंनी आतलं एकेक बाहेर काढलं आणि मध्येच थांबल्या.

“तिचे कागदं नाहीत,” त्या म्हणाल्या. “गुणपत्रिका, सनद, जातीचा दाखला. निळ्या फायलीत राहतात.”

केवळरामांना पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेता आला. जीव द्यायला निघालेली मुलगी मूळ कागदपत्रं कशाला नेईल? ती कुठेतरी दुसरं काम शोधायला गेली असेल. त्यांनी तसं धुरपताबाईंना सांगितलंही.

धुरपताबाईंनी पेटीचं झाकण लावलं. “तिले त्या कागदांचाच राग आला असन तं? कागदं घेऊन पाण्यात गेली असन तं?”

पाटबंधारेवाल्यांना सांगून त्यांनी संध्याकाळी कालव्याचं पाणी कमी करायला लावलं.

निघताना त्यांनी वच्छलाबाईंना मोनालीच्या ओळखीपाळखीचं विचारलं. कोणी फारसं येत नसे. तिचा मोबाइल शुक्रवार संध्याकाळपासून बंदच होता. बी. एड.च्या वसतिगृहातली नीला म्हणून एक मैत्रीण मात्र तिकडे अर्जुनी मोरगावला लहान मुलांची शाळा चालवते, असं बोलण्यात यायचं. तिचा नंबर वच्छलाबाईंकडे नव्हता. आडनावही माहीत नव्हतं.

केवळरामांनी अर्जुनीच्या ठाण्याला निरोप दिला. तिथल्या शिपायानं लिहून घेतलं आणि विचारलं, “नीला कोण? इथं नीला पन्नास असतील.”

४

रविवारी कालवा उतरला. गावातले पंधरा-वीस जण बांबू घेऊन दोन्ही काठांनी चालत गेले. उतरत्या पाण्यात गाळ दिसत होता, प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसत होत्या, आणि प्रत्येक पिशवी दुरून कापडासारखी वाटत होती. धुरपताबाई पाळीवर बसून होत्या. दोनदा आरोळी आली की काहीतरी अडकलं आहे, दोनदा त्या उठून उभ्या राहिल्या. एकदा पोतं निघालं, एकदा मेलेलं रेडकू.

खालच्या गावचे शेतकरी चौकीवर येऊन विचारून गेले की पाणी केव्हा सोडता. रोवणी अर्धी राहिली आहे, रोप पिवळं पडून राहिलं आहे. कोणी आवाज चढवला नाही, पण त्यांचंही खोटं नव्हतं. केवळरामांनी मंगळवार संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला.

प्रफुल कावळेही बांबू घेऊन कालव्यात उतरले होते. गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे केवळराम बराच वेळ बघत राहिले. शब्दाचा अर्थ सांगणारा हाच. पाकीट उघडलं तेव्हा हजर असलेला हाच. भांडणही याचंच. चिठ्ठीला जोडलेलं काहीतरी कोणीतरी काढून घेतलं असेल, तर काय काढायचं हे इंग्रजी कळणाऱ्यालाच कळणार.

भैयाजी आले नव्हते. त्यांना ताप भरला होता म्हणे.

५

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधीच केवळराम गोंदियात दारासमोर उभे होते. संस्थेचा पत्रव्यवहार तीस वर्षांपासून एकच माणूस बघत होता. त्याला सगळे बडे बाबू म्हणत. डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडात पान, बोलणं हिंदी. मराठी वाचायला यायची, लिहायची वेळ आली की ते इंग्रजीत लिहून मोकळे व्हायचे.

केवळरामांनी चिठ्ठी पुढे ठेवली. बडे बाबूंनी ओळखली. हां, मेरी ही है, म्हणाले.

“तिच्याकडून राजीनामा काऊन मागितला?”

बडे बाबूंचं पान चघळणं थांबलं. कसला राजीनामा, त्यांनी विचारलं. रामटेके मॅडमचा कायम करण्याचा प्रस्ताव आला होता. पहिल्या पानावर तिची सही मराठीत आणि शेवटच्या पानावर इंग्रजीत. असा प्रस्ताव पुढे शिक्षण खात्याकडे गेला तर तिथून परत येतो. म्हणून त्यांनी शेवटच्या पानावर पेन्सिलनं फुली मारली, वर ही चिठ्ठी टाचली आणि प्रस्ताव परत पाठवला.

“लेकिन इसमें तो लिखा है...” केवळरामही हिंदीवर आले.

“लिखा है री-साइन,” बडे बाबू तोडून म्हणाले. “साइन फिर से करो और लौटाओ. री-चेक, री-टोटल, री-साइन. तीस साल से ऐसे ही लिख रहा हूँ.”

केवळरामांनी चिठ्ठी उलटी धरली, सुलटी धरली. इंग्रजीची तीच सहा अक्षरं. मध्ये एक छोटी आडवी रेघ असती तर ती मुलगी त्याच दुपारी सही करून मोकळी झाली असती. आणि रेघ नसतानाही, चिठ्ठीखाली तो प्रस्ताव असता, त्यावर फुली असती, तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

बडे बाबूंनी जावक वही काढून दाखवली. बुधवारची नोंद स्पष्ट होती. प्रस्ताव, पानं अकरा, चिठ्ठीसह परत.

अकरा पानं शाळेत पोचली होती. मोनालीच्या हाती एक चिठ्ठी आली होती.

६

शाळेत पोचल्यावर केवळराम आधी प्रफुलना घेऊन रिकाम्या वर्गात बसले. त्यांनी काही न सांगता विचारलं की या शब्दाचा आणखी काय अर्थ होतो. प्रफुलनी पुन्हा तेच सांगितलं. मग केवळरामांनी बडे बाबूंचं म्हणणं सांगितलं.

प्रफुलनी शब्दकोश ओढून घेतला. पान काढलं, बोटानं ओळी चाळल्या, मागचं पुढचं पान पाहिलं. सांगितलेला अर्थ तिथे नव्हता. त्यांनी शब्दकोश मिटून बाजूला सारला.

“मी तिला छातीठोकपणे सांगितलं, दुसरा अर्थच नाही. मला एकदा चिठ्ठीसोबत काय आलं, एवढं विचारायला काय झालं होतं?”

हे नाटक असू शकत होतं. केवळरामांनी वीस वर्षांत यापेक्षा चांगली नाटकं पाहिली होती. ते कार्यालयात गेले आणि शाळेची आवक वही काढून बसले. भैयाजी अजून रजेवर होते. बुधवारच्या तारखेला त्यांच्या तिरप्या अक्षरात नोंद होती: ‘मो. रामटेके, चिठ्ठी १’. प्रस्तावाचा उल्लेख नाही.

बडे बाबू म्हणाले होते, तीस वर्षांपासून असंच लिहितो. मग अशी चिठ्ठी या शाळेत पहिल्यांदाच आली असेल का? केवळराम मागे जाऊ लागले. २००८. काही नाही. २००७, जुलै. त्यांचं बोट थांबलं.

‘प्र. कावळे यांचे सेवापुस्तक, फेरसहीसाठी परत.’ तेच तिरपं अक्षर.

त्यांनी प्रफुलना बोलावून ती नोंद दाखवली. प्रफुलना आठवलं. सेवापुस्तक परत आलं होतं खरं. भैयाजींनी पान उघडून दिलं होतं, सर, इथं परत एकदा सही मारा म्हणून. चिठ्ठी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. बिसेन सरांनी फाइल काढली. सेवापुस्तकाच्या आतल्या खिशात ती चिठ्ठी अजून होती. निळी शाई, इंग्रजीची एक ओळ आणि तोच सहा अक्षरांचा शब्द.

बिसेन सर खुर्चीत बसले. प्रफुल उभेच राहिले. शब्दकोशवाल्या माणसाला जो अर्थ माहीत नव्हता तो इंग्रजी न येणाऱ्या माणसानं दीड वर्षापूर्वी बिनचूक मराठीत उतरवून ठेवला होता.

शनिवारी चिठ्ठी पुढे धरली तेव्हा भैयाजींनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, हे केवळरामांना आता आठवलं. वाचता न येणारा माणूससुद्धा कागदाकडे एकदा बघतो.

७

भैयाजी अंगणात बाजेवर गोधडी पांघरून बसले होते. ताप खराच होता. केवळराम समोरच्या पिढ्यावर बसले आणि म्हणाले की अकरा पानं द्या.

भैयाजी आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. केवळराम उठून दाराशी गेले तेव्हा ते तांदळाच्या कोठीत हात घालून उभे होते आणि हात बाहेर निघत नव्हता. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्रस्ताव निघाला. शेवटच्या पानावर पेन्सिलची फुली होती. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आणि गंज.

त्यांची मुलगी आचल चुलीजवळ उभी होती. तीही बी. एस्सी., बी. एड. चार वर्षं घरी बसलेली. जागा निघाली तर संस्था आधी शाळेतल्या माणसांच्या मुलांचा विचार करते, असं सगळे म्हणत. बापानं काय केलं हे तिला तेव्हाच कळलं, आणि ती मागच्या दारानं वाडीत निघून गेली.

भैयाजींनी काहीच नाकारलं नाही. त्यांनी आधीपासून काही ठरवलं नव्हतं. पाकीट उघडलं, चिठ्ठी वाचली, नेहमीचीच होती. मॅडमला आवाज दिला. ती वऱ्हांड्यातून येत होती, आणि तेवढ्यात चिठ्ठीकडे बघता बघता तिचा दुसरा अर्थ त्यांच्या ध्यानात आला.

“टाचणी काढाले किती वेळ लागते, साहेब,” ते म्हणाले. “ती दारात येईपर्यंत निघाली होती. तिनं मले विचारलं, भैयाजी, हे काय आहे जी? मी म्हटलं, मले इंग्रजी येत नाही, प्रफुल सरले विचार. बस. एवढंच बोललो मी.”

मॅडम भांडेल, गोंदियाला जाईल, तिथे सगळं उघड होईल, अशी त्यांना दोन दिवस धास्ती होती. तसं झालं असतं तर पानं चुकून मागे राहिली म्हणून त्यांनी पुढे केली असती. पण ती भांडली नाही. तिनं किल्ली आणून ठेवली. खडू आणून ठेवले.

“मी तिले पाण्यात नाही ढकललं, साहेब.”

केवळरामांनी कागद वहीत ठेवले. त्यांना या माणसाचा राग आला होता, पण आत्ता रागावायला वेळ नव्हता. कोडं सुटलं होतं आणि मुलगी तीन दिवसांपासून सापडत नव्हती. तिच्यापर्यंत खरा अर्थ पोचायला उशीर झाला असेल तर या अकरा पानांचं काय करायचं?

चौकीवर परतले तेव्हा अर्जुनीचा निरोप आला होता. खासगी शाळा चालवणारी नीला सापडली होती. मोनाली तिच्याकडे शनिवारी पहाटे आली होती. सोमवारी सकाळी फाइल घेऊन बाहेर पडली ती अजून परतली नव्हती. हे कळवलं तरी धुरपताबाई पाळीवरून उठल्या नाहीत, तिचा आवाज ऐकेपर्यंत पाणी सोडू नका म्हणाल्या.

८

मंगळवारच्या सकाळच्या गाडीनं केवळराम अर्जुनीला उतरले. नीला स्टेशनवर घ्यायला आली होती. रात्रभर झोपली नसावी. मोनाली आदल्या रात्रीही आली नव्हती. तिनं नीलाला राजीनाम्याचं सांगितलं नव्हतं, सुट्टी आहे म्हणाली होती. फक्त एकदा विचारलं होतं की नोकरीवरून काढलेल्या माणसाला दुसरी शाळा घेते का. सोमवारी शाळा शाळा फिरायला गेली असेल, असं नीलाला आता वाटत होतं.

दोघांनी तालुक्यातल्या शाळा धरल्या. पहिल्या शाळेत कोणी आलं नव्हतं. दुसऱ्या शाळेत आली होती. आधीच्या शाळेचं पत्र मागितल्यावर काही न बोलता उठून गेली. तिसऱ्या ठिकाणी शिपाई म्हणाला, ती बाई काल दुपारी तलावाच्या रस्त्यानं गेली.

केवळराम त्या रस्त्यानं जवळजवळ धावत निघाले. नीला मागे पडली. रस्ता वळला आणि पुढे तलाव दिसला, मोठा, चकचकीत, एकही माणूस नसलेला. ते पाळीवर चढले आणि त्यांनी पलीकडे बघितलं.

पलीकडे धानाच्या बांधीत बायका वाकून रोवणी करत होत्या. आठ-दहा जणी. त्यातल्या एकीनं पंजाबी ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत खोचली होती आणि तिची ओळ बाकीच्यांपेक्षा वाकडी जात होती. बांधावर निळी फाइल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दगडाखाली ठेवली होती.

काल तिला एका बाईनं रस्त्यात विचारलं होतं, रोवणीले येतं का. ती गेली. रात्री त्यांच्याचकडे राहिली. हे तिनं चिखलातच उभं राहून सांगितलं, पोलीस बघून घाबरलेली, हातात रोपांची जुडी तशीच.

केवळरामांनी आधी फोन लावला. चोरखमाऱ्याच्या पाळीवर दुसऱ्या हवालदारानं तो धुरपताबाईंच्या कानाला लावला. मोनाली म्हणाली, “आई.” मग धुरपताबाईंनी फोन परत देऊन सांगितलं म्हणे, की आता कालवा सोडा, लोकांचे धान वाळून राहिले.

बांधावर बसून केवळरामांनी तिला पानं दाखवली, फुली दाखवली, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. भैयाजींचं काय होईल, असं तिनं विचारलं. जबाब लिहून घेतला आहे, संस्था त्याला कामावर ठेवणार नाही असं दिसतं, कलम कोणतं लागेल ते साहेब लोक बघतील, असं ते म्हणाले. बिसेन सरांनीही स्वीकृतीची सही चुकीनं केल्याचं लिहून दिलं होतं.

“दहा मिनिटं,” मोनाली म्हणाली. “सरांनी दहा मिनिटांत सही केली. मी टेबलासमोर उभी होते. मला वाटलं, आता विचारतील काऊन म्हणून. तीन वर्षं शिकवलं मी तिथं.”

तुम्ही का विचारलं नाही, हा प्रश्न केवळरामांच्या तोंडापर्यंत आला होता, तो त्यांनी गिळला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. गोंदियाला उतरल्यावर तिनं घरची एसटी धरली नाही. आधी कार्यालयात जायचं म्हणाली. पायांना अजून चिखल होता. बडे बाबू तिला बघून उभे राहिले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. ते हिंदीत, थोडं मराठीत, पुन्हा हिंदीत बोलू लागले. शेवटी त्यांनी प्रस्ताव उघडून फुलीवर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं.

मोनालीनं पेन घेतलं नाही.

“काय करायचं ते मराठीत लिहून द्या,” ती म्हणाली. “मग करते.”

दफ्तर में तो ऐसा ही चलता है, असं काहीसं बडे बाबू पुटपुटले. ती उभीच राहिली. केवळराम दाराला टेकले. बडे बाबूंनी कोरा कागद ओढला आणि सावकाश लिहू लागले. पहिल्याच शब्दाला अडखळले. मोनाली टेबलावर वाकली.

“पुन्हा,” ती म्हणाली. “प ला पहिला उकार. आता न आणि ह जोडून. नाही, न अर्धा. हां, असा. पुढे सही. स ला पहिली वेलांटी काढलीत, ती खोडा, नुसता स.”

त्यांनी खोडलं, परत लिहिलं. ओळ पुरी व्हायला वेळ लागला. बाहेर शिपाई चहा घेऊन आला होता, तो आत न येता थांबला.

“आता मोठ्यानं वाचा,” मोनाली म्हणाली.

बडे बाबूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला, कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागले.